मुलामा दिलेली जुनी नाणी विकताना : कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

आत्याबाईचा पत्र्याचा डबा आज दुकानात आला. मी मंगरुळपीर तालुक्यात कृषी केंद्र चालवतो आणि माझा नाण्यांचा नाद गावाला ठाऊक आहे, म्हणून हे काम माझ्याकडे. डब्यात राणीछाप आणि राजाछाप रुपये, तांब्याचे पैसे, कमळाचे वीस पैसे, गांधींचे चांदीचे दहा रुपये, सगळी सरमिसळ. दोन वर्षांआधी धनतेरसच्या तोंडावर दादानं, म्हणजे आतेभावानं, यातली निम्म्याहून जास्त नाणी एका पॉलिशवाल्याकडे नेली. काहींना सोन्याचं, काहींना चांदीचं पाणी देऊन आणलं. लक्ष्मीपूजनाच्या ताटात १०८ नाणी एकसारखी चमकली पाहिजेत, एवढाच हेतू. आता पोरीच्या कॉलेजची फी भरायची आहे, कापसाचा चुकारा अडकला आहे, म्हणून नाणी विकायची.

दादाचा हिशेब सरळ आहे: "पॉलिशले पैसे लागले ना बाप्पा, तं भाव वाढलाच असन." मी म्हटलं, उतरला असेल. त्याला पटलं नाही. शेवटी ठरलं, तोंडानं भांडण्यापेक्षा तोलून, तपासून, विकून पाहू आणि लिहून ठेवू. असे डबे आमच्याकडे घरोघरी आहेत. कुणी पॉलिशवाल्याकडे निघालाच असेल तर त्याच्या हाती ही वही द्यावी.

एक गोष्ट कामाची निघाली. १९१८ चे रुपये सहा आहेत: तीन जसेच्या तसे, तीन सोनेरी. साल एकच, राजा एकच, पंचम जॉर्ज. पहिल्या महायुद्धात टांकसाळींनी १९१७-१८ चे रुपये पोत्यांनी पाडले, त्यामुळे हे साल प्रत्येक डब्यात सापडतं. दुर्मीळपणाचा प्रश्नच नसल्यानं किमतीत जो फरक पडेल तो मुलाम्याचाच धरता येईल.

आत्याबाईला सांगितलं, आता काही घासायचं नाही. चिंच नाही, राख नाही, भांड्याची पावडर नाही. तोवर तिनं तांब्याचे काही पैसे चिंचेनं लख्ख केलेच होते.

५ नोव्हेंबर

तोलायला बसलो आणि काम अडलं. दुकानातला काटा बियाण्यासाठी ठीक. नाणं ठेवलं की कधी ११ ग्रॅम दाखवतो, कधी १२. इथं दशांश हवा. शून्य पूर्णांक शून्य एक ग्रॅमचा खिशातला काटा ऑनलाइन मागवला, ४५० रुपये. कुरिअर गावापर्यंत येत नाही, तालुक्याहून आणावं लागतं. म्हणजे काही दिवस गेले.

तोवर चुंबक. जुन्या स्पीकरमधला काढला. सोनेरी रुपयांपैकी दोन टुणकन चिकटले: वाघाच्या छापाचे १९४७ चे रुपये. ते शुद्ध निकेलचे असतात आणि निकेल चुंबकाला धरतं. वर सोन्याचं पाणी असलं तरी चुंबकाला फरक पडत नाही. दादा म्हणाला, "हे तं सोन्याचे समजून मी कपाटात येगळे ठेवले होते." दर दिवाळीला बाहेर येणारी नाणी, आणि दोन वर्षांत घरच्याच माणसाचा घोटाळा झाला. नाणं काय आहे हे सांगणारा पहिला पुरावा त्याचा रंग असतो, आणि मुलामा आधी तोच पुसतो.

९ नोव्हेंबर

काटा आला. सोबत ५० ग्रॅमचं वजन होतं, त्यानं आधी काटा जुळवून घेतला. हे केल्याशिवाय आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

कलदार रुपया, म्हणजे इंग्रजांच्या टांकसाळीत यंत्रावर पाडलेला रुपया, एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. हाताळून झिजलेला साडेअकराच्या आसपास भरतो. बहुतेक रुपये, मुलाम्याचे धरून, ११.४ ते ११.६ मध्ये आले. चांदीचं पाणी दिलेली एक राणीछाप मात्र ९.८४. दुसरी राणीछाप शेजारी ठेवली तर आकार तोच, जाडीही तीच, आणि वजन जवळजवळ दोन ग्रॅम कमी. कडेवरच्या रेघांमधून भिंगानं पाहिल्यावर ओतकामाची शिवण दिसली. पितळेचं ओतीव नाणं. बिनपाण्याचं असतं तर पिवळेपणावरून आत्याबाईनंच ओळखलं असतं. ही खोट दादाच्या पॉलिशच्या आधीची की नंतर कुणी अदलाबदल केली, ते आता सांगता येत नाही. पॉलिशला देताना नाणी तोलून दिली नव्हती.

ज्यांना पूजेसाठी पॉलिश करायचंच आहे त्यांनी निदान प्रत्येक नाण्याचं वजन आणि साल कागदावर लिहून, दोन्ही बाजूंचा फोटो काढून मगच द्यावं.

११ नोव्हेंबर

आज पाण्यातलं वजन. चांदी आत आहे का, हे नाण्याला ओरखडा न काढता कळायचा घरगुती उपाय हाच. काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल पण बुडाला टेकणार नाही असं धरायचं. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागायचं. उत्तर म्हणजे घनता.

सुरुवातीचे आकडे एकाशी एक जुळेनात. पंखा चालू होता, त्याची हवा काट्याला लागत होती. पंखा बंद केला तरी घनता कमीच येई. पाहिलं तर नाण्याच्या नक्षीत हवेचे बुडबुडे अडकले होते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकल्यावर ते सुटले. जाड दोरा पाणी पितो, म्हणून नायलॉनचा घेतला. मग जमलं.

साधा १९१८: ११.५२ भागिले १.१२, म्हणजे १०.३. सोनेरी १९१८: ११.४९ भागिले १.११, तेच साधारण १०.३. या रुपयात ९१.७ टक्के चांदी आणि बाकी तांबं असतं, त्याची घनता एवढीच यायला हवी. मुलामा इतका पातळ असतो की हा काटा त्याची दखलच घेत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे. ओतीव राणीछाप ८.५ ला आली: पितळ.

सहाव्या जॉर्जचा १९४५ चा रुपया पांढराशुभ्र दिसत होता, तो ९.५ ला आला. यात आश्चर्य नाही. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, बाकी तांबं, निकेल, जस्त. झिजला की हा रुपया पिवळट-राखाडी दिसतो आणि जाणता माणूस हातात घेताच ओळखतो. चांदीचं पाणी दिल्यावर तो पंचम जॉर्जच्या रुपयासारखा दिसायला लागला. भोळा गिऱ्हाईक फसेल. अनुभवी व्यापारी या निम्म्या चांदीच्या रुपयांच्या कडेवर असते ती सुरक्षेची खाच पाहील आणि मग बाकीच्या सगळ्या डब्यावरही शंका घेईल. हे दुसरं नुकसान जास्त महाग पडतं.

कमळाचे वीस पैसे एकेकटे तोलून काही कळत नाही. साडेचार ग्रॅमचं नाणं, पाण्यातला आकडा अर्ध्या ग्रॅमचा, तिथं काट्याची एका घराची चूकही मोठी होते. सहा नाणी एका दोऱ्यात बांधली, तेव्हा २६.७ भागिले ३.१५, म्हणजे ८.५. पितळेच्या जातीचा धातू. १९६८ ते १९७१ च्या या नाण्यांत सोनं असतं ही समजूत आमच्या भागात अजून पक्की आहे. पूजेत त्यांचा मान त्यामुळेच. आत्याबाईला आकडा दाखवला. "असू दे," म्हणाली, "लक्ष्मीले घनता थोडीच इचारतो आपण."

१४ नोव्हेंबर

दादा माझ्या नकळत एक सोनेरी १९१८ घेऊन तालुक्याला टंच काढून, म्हणजे धातूची शुद्धता तपासून आला. मशीनच्या चिठ्ठीवर सोनं ४.५ टक्के, बाकी चांदी आणि तांबं. आनंदात आला. ११.६६ चे साडेचार टक्के म्हणजे अर्धा ग्रॅमच्या वर सोनं, ग्रॅमला दहा हजार धरले तरी पाच हजार रुपये!

चिठ्ठी खोटी नाही, तिचा अर्थ वेगळा आहे. टंच मशीनचे क्ष-किरण धातूत अगदी वरवर, मायक्रॉनच्या हिशेबात जातात. मशीन त्या पातळ सालीचं मोजमाप करतं आणि सगळं नाणं तसंच आहे असं धरून टक्केवारी देतं. दागिना एकजिनसी असेल तर ते बरोबर. मुलाम्याच्या नाण्यावर बरोबर नाही.

दोघं वही घेऊन बसलो. रुपयाचा व्यास साडेतीस मिलिमीटर. दोन बाजू आणि कड मिळून पृष्ठभाग सुमारे १६ चौरस सेंटीमीटर. पूजेच्या पॉलिशचा थर ०.२ मायक्रॉन धरला (तेवढाही असतोच असं नाही), तर सोनं भरतं सहा मिलिग्रॅमच्या आसपास. साठेक रुपयांचं. पाच हजार कुठं आणि साठ कुठं. आणि ते साठही वसूल होत नाहीत, कारण एवढंसं सोनं काढायला कुणी हात घाण करत नाही. पॉलिशवाल्यानं मात्र नाण्यामागं १२० घेतले होते.

१७ नोव्हेंबर

आज दिवसभर गिऱ्हाईक कमी, हरभऱ्याची पेरणी बहुतेकांची उरकली. दहापट भिंग घेऊन बसलो.

मला वाटत होतं, थर चढल्यानं बारीक नक्षी बुजली असेल. तसं फारसं नाही. नुकसान थर चढण्याच्या आधीच झालं आहे. पाणी धरावं म्हणून पॉलिशवाले नाणं तेजाबात बुडवतात आणि वर बफ मारतात, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासतात. साध्या १९१८ वर राजाच्या झग्यावरचा हत्ती झिजला असला तरी त्याची कड कळते. सोनेरीवर तीच जागा साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. अक्षरांचे काठ गोल झाले. मुंबई टांकसाळीच्या रुपयावर मागच्या बाजूला खालच्या फुलापाशी बारीक उठावाचा ठिपका असतो, कलकत्त्याच्या रुपयावर नसतो. तीन सोनेरींपैकी एकावर तो ठिपका होता की नाही, हेच सांगता येत नाही.

राणीछाप १८६२ वर तर जीव हळहळला. १८६२ हे साल टांकसाळींनी १८७४ पर्यंत तसंच ठेवलं आणि पुढच्या वर्षांचे रुपयेही त्याच सालानं पाडले. ठिपक्यांच्या संख्येवरून संग्राहक त्यांचे प्रकार लावतात. काही प्रकार सामान्य, काहींना चांगले पैसे. या नाण्यावर सालाखालच्या भागात बफ इतका बसला आहे की एक ठिपका दिसतो, दुसरा असावा असं वाटतं, पुढचं सपाट. ठिपके गेले म्हणजे त्या नाण्याचा प्रकार गेला, आणि किंमत प्रकाराला होती.

तांब्याच्या पैशांचं वेगळं. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ च्या पाव आण्याला चांदीचं पाणी दिलंय. वजन साडेसहाच्या आत, बरोबर. कडेवर पाणी उडून गुलाबी तांबं दिसतंय. पावणेदोनशे-दोनशे वर्षांत तांब्यावर जो तपकिरी रंग बसतो तोच संग्राहकाला हवा असतो, कारण तो घाईनं आणता येत नाही. पाणी देण्याआधी तो तेजाबानं उतरवला गेला.

दादाला हे भिंगातून दिसलं पण त्याचं म्हणणं, "धातू तं तोच हाय ना?" मी त्याला म्हटलं, तुझ्या सात-बाऱ्यावर व्हाइटनर लावून पुन्हा तेच नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं तर बँक घेईल का? खालचं खरं असेल, पण आता ते खरं आहे हे सिद्ध करायचं ओझं तुझ्यावर. त्याला हे लगेच कळलं.

२० नोव्हेंबर

मग प्रश्न आला: पाणी उतरवता येईल का?

आधी ॲसिटोन. ते धातूला काही करत नाही, वरचा तेलकटपणा आणि लाखेचा थर काढतं. वीस पैशांवरून पिवळसर पाणी सुटलं. पॉलिशवाल्यानं चमक टिकावी म्हणून वरून लॅकर मारला होता. खालचं सोनं जागेवरच.

तेजाब घरी वापरायचं नाही हे ठरलेलंच होतं. नायट्रिकनं सोनं हलत नाही आणि खालची चांदी मात्र खाल्ली जाते. पॉलिशवाल्यांच्या सोन्याच्या द्रावणात सायनाइड असतं. त्याच्या वाटेला कुणी घरी जाऊ नये. म्हणून ज्याची चांदीपलीकडे आशा नव्हती असा एकच सोनेरी १९१८ एका कारागिराला दिला, त्यानं विजेवर उलट्या बाजूनं सोनं उतरवून दिलं. २०० रुपये.

सोनं उतरलं. खालून निघालेला रुपया चुन्यासारखा पांढरा, मेलेला, त्यावर बफच्या समांतर रेघा. टांकसाळीतून आलेल्या नाण्यावर उजेडात फिरवलं की जी लकेर फिरते ती ठशाच्या दाबानं धातू वाहिल्यामुळे पडलेल्या अतिसूक्ष्म रेघांची असते. ती एकदा घासली की कुठलाच कारागीर परत आणू शकत नाही. सोनेरी असताना निदान "मुलामा दिलेला" एवढंच म्हणता येत होतं. आता "मुलामा दिलेला, मग उतरवलेला". उरलेल्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं.

२३ नोव्हेंबर

दादाचा नवा मुद्दा: टांकसाळ स्वतःही मुलामा देते, मग तो कसा चालतो? प्रश्न बरोबर आहे. ब्रिटनचे एक आणि दोन पेन्स १९९२ पासून पोलादावर तांबं चढवलेले आहेत. तिथं मुलामा हाच नाण्याचा मूळ पृष्ठभाग, आधी चढवला आणि मग ठसा मारला.

याचं चोख उदाहरण अमेरिकेचं. १९४३ साली युद्धासाठी तांबं हवं होतं म्हणून त्यांनी एक सेंट पोलादाचा, वर जस्त देऊन पाडला. ही नाणी गंजतात. लोकांनी गंजलेली नाणी साफ करून पुन्हा जस्त चढवलं. धातू तोच, थर तोच, रंगही तोच, तरी संग्राहक त्याला मूळ नाण्याचा भाव देत नाहीत, कारण आता थर ठशाच्या वर बसला. काही जणांनी त्यांना तांब्याचं पाणी दिलं, कारण चुकून तांब्यावर पडलेले १९४३ चे थोडे सेंट फार मोलाचे आहेत. तिथंही चुंबक आणि काटा कामी येतो: पोलादाचा सेंट २.७ ग्रॅम, तांब्याचा ३.११.

मुलाम्यानं भाव वाढल्याची एक गोष्टही तिकडचीच. १८८३ च्या पाच सेंटच्या निकेलवर "सेंट्स" हा शब्द नव्हता, नुसता रोमन पाच. लोकांनी सोन्याचं पाणी देऊन ते पाच डॉलरचं सोन्याचं नाणं म्हणून खपवलं. म्हणजे वाढलेला भाव फसवणुकीचा होता.

आपल्याकडे प्राचीन आहत नाण्यांत, म्हणजे धातूच्या तुकड्यावर ठसे ठोकून केलेल्या नाण्यांत, तांब्याच्या गाभ्यावर चांदी चढवलेली सापडतात. त्यांना अभ्यासक जपतात. तो मुलामा नाण्याच्या काळातलाच आहे, दोन वर्षांआधीच्या धनतेरसचा नाही.

२६ नोव्हेंबर

दुकानात नाणी मांडलेली पाहून एका शेतकरी भाऊंनी खिशातून मातकट, काळं नाणं काढलं, नांगरताना मिळालं. "चांदीचं पानी देऊन देवात ठेवतो." थांबवलं. आमच्याच तालुक्यात तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला होता, पोटीनची (तांबं मिसळलेल्या हलक्या मिश्रधातूची), दिसायला अशीच काळपट नाणी. त्यांच्यावरची अक्षरं वाचून राजांची नावं लागली. बफ मारला असता तर काय वाचलं असतं? जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, १८७८ चा कायदा आहे. ते नाणं कागदात गुंडाळून तहसीलला जायला तयार झाले. गेले की नाही, विचारायचं राहिलंय.

१ डिसेंबर

नागपूर. इतवारीच्या सराफ्यात भाव विचारून मग जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे. प्रत्येक मुलाम्याचं नाणं वेगळ्या पाकिटात, वर लिहिलेलं: साल, वजन, घनता, "सोन्याचा मुलामा". दादा म्हणत होता, लिहू नका. व्यापाऱ्यानं पाकिटं पाहिली आणि पहिलं वाक्य बोलला, "लिहिलं ते बरं केलं, आता साध्या नाण्यांवर मी शंका घेत नाही."

चांदीचा भाव रोज हलतो, म्हणून ग्रॅमला शंभर धरून लिहितो. ज्याला लागेल त्यानं त्या दिवसाच्या भावानं गुणावं. १९१८ मध्ये शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, म्हणजे १०६९. साध्या तिघांना त्यानं चांदीच्या वर प्रत्येकी दीडशेच्या आसपास दिले. सोनेरी दोघांना चांदीच्या भावातून शंभराला पाच कापले. उतरवलेल्यालाही तेच. १८६२ ला चांदीचाच भाव, भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "ठिपके मोजता आले असते तर बोललो असतो." १९४५ मध्ये चांदी ५.८३ ग्रॅम, त्यातूनही कापणी. गांधींच्या दहा रुपयांपैकी एक साधं, एक सोनेरी. १५ ग्रॅम, ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम चांदी दोन्हीत. साध्याला वर चांगले पैसे मिळाले, सोनेरी वजनावर गेलं.

चांदी नसलेल्यांचं चित्र याहून वाईट. चांदीच्या नाण्याला मुलाम्यानंतरही वजनाचा आधार असतो. तांबं, पितळ, निकेल यांना तोही नाही. तपकिरी पाव आणे ४० ने गेले, चांदी चढवलेले त्यानं परत सरकवले. चिंचेनं घासलेलेही. साधे, न झिजलेले कमळाचे वीस पैसे १५ ने घेतले, सोनेरींकडे पाहिलं नाही. सोनेरी वाघछाप घेतले नाहीत.

दादाची खरी आशा होती रामदरबारवर: १८१८, "ईस्ट इंडिया कंपनी", वर राम-सीता-लक्ष्मण. मोबाइलवर याचे लाखो रुपये सांगतात. चांदी उडून मारुतीच्या गुडघ्याचं पितळ दिसतंय. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी तिनं १८३५ पासून पाडली, त्यातल्या रुपयांवर आधी विल्यम राजा. हा देवळाबाहेर मिळणारा टोकन. परतीच्या बसमध्ये दादानं त्याला आलेला मेसेज दाखवला: लाख देतो, आधी नोंदणीचे अडीच हजार भरा. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला यावरच सावध केलंय. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि असं शुल्क घेत नाही. नंबर ब्लॉक केला.

३ डिसेंबर

खर्च: काटा ४५०, पाकिटं आणि ॲसिटोन २१०, सोनं उतरवणं २००, बसभाडं वेगळं. पॉलिशचे तेव्हाचे पैसे यात धरले नाहीत. ते धरा म्हटलं की दादा उठून जातो. फीचा पहिला हप्ता भरून निघाला, दुसरा चुकाऱ्यावर.

परत आलेली सगळी सोनेरी-चंदेरी नाणी आत्याबाईनं पूजेत ठेवली. त्यातला पितळी ओतीव राणीछाप मी मागून घेतला, गल्ल्यावर ठेवलाय. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावचा एक डबा यायचा आहे. अजून पॉलिशला गेलेला नाही, असं फोनवर सांगितलं. वजनं आधी लिहून ठेवा म्हटलंय.